मुद्रेचं कडवं

“अज्जी, आवाज वाढवू?” संहिताने विचारलं.

“नको. मला काय ऐकायचंय? मी कौदी शिवतेय,” पद्मावती नातीला म्हणाली.

जुन्या साड्यांची ती गोधडी तिने आज मुद्दाम हॉलमध्ये, टीव्हीसमोर पसरली होती. रविवारी अकराला श्रीविद्याचं गाणं दाखवणार, हे तिने पेपरात चार दिवसांपूर्वीच वाचलं होतं.

पडद्यावर श्रीविद्या आली. मोरपंखी साडी, कानांत कुड्या, मागे दोन तंबोरे.

“केस रंगवलेत,” पद्मावती म्हणाली.

“छान दिसतात की!”

पद्मावतीने दोरा इतका ओढला की कापडाला चुण्या पडल्या. पुटपुटत तिने तो टाका उसवला.

दोघी एकाच गुरूच्या शिष्या. गुरू म्हणजे पद्मावतीचे वडील, भीमाचार्य; सगळे त्यांना अण्णा म्हणत. यशवंतपूरच्या याच घरात दोघी शिकल्या. पद्मावती गायली की अण्णा मांडीवर ताल धरत, चुकलं की थांबवत, पुन्हा म्हणायला लावत. शेजारची श्रीविद्या गायला लागली की ऐकण्यात गुंगून त्यांचा तालाचा हात आपोआप थांबे. आपण गाताना तो एकदा तरी थांबावा म्हणून पद्मावती पहाटे उठून रियाज करी. तो कधी थांबला नाही. पुढे ती विमा कचेरीत टंकलेखिका झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. श्रीविद्या गात राहिली. मोठी झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला राहायला गेली.

“आता एक मराठी पद म्हणते,” टीव्हीवर श्रीविद्या सांगत होती. “माझ्या गुरूंनी शिकवलेलं. मुद्रेचं कडवं, म्हणजे कवीचं नाव येतं ते शेवटचं, आम्हाला मिळालं नाही. गुरूंच्या मुलीला विचारलं. तिलाही आठवत नाही. म्हणून दोनच कडवी म्हणते.”

ती गाऊ लागली. कृष्ण सापडत नाही म्हणून यशोदा घरभर, मग गावभर हिंडते. पद्मावती ऐकत राहिली. वय झालं तरी आवाज तसाच होता. तो कुठे तरी चिरकावा, एक तरी जागा हुकावी, म्हणून ती कान देऊन बसली होती. काही हुकलं नाही. खाली कन्नड अक्षरांत पट्टी आली : रचना, अज्ञात.

“अज्ञात?” संहिता वळली. “अज्जी, हे पणजोबांचं ना? तिसरं कडवं आहे की! यशोदा दमून उंबऱ्यावर बसते ते. तू रोज शिवताना म्हणतेस.”

पद्मावतीने सुई कौदीत खोचून ठेवली.

पद आपलं आहे हे अण्णांनी शिष्यांना कधी सांगितलं नाही. स्वतःचं नाव त्यांच्या तोंडी घालायचा त्यांना संकोच वाटे. शेवटच्या आजारात एका दुपारी त्यांनी पद्मावतीला जवळ बसवून तिसरं कडवं शिकवलं. फक्त तिला. दोन वर्षांपूर्वी श्रीविद्याने फोन करून विचारलं, तेव्हा ती “आठवत नाही गं” म्हणाली होती. सगळं तर तिच्याकडे आहे, हे एक तरी माझ्याकडे राहू दे, असं तिला वाटलं होतं. त्यापायी अण्णांचंच नाव पुसलं जाईल, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

“तू त्यांना खोटं सांगितलंस?” संहिताने हळूच विचारलं.

“हो,” पद्मावती म्हणाली. “फोन लावून दे.”

“पद्मक्का!” श्रीविद्याचा आवाज आनंदाने भरला होता. “गाणं बघितलंस? महिन्यापूर्वी रेकॉर्ड केलेलं ते. बरं झालं का?”

“बरं झालं. विद्या, तिसरं कडवं मला येतं. तू विचारलंस तेव्हाही येत होतं.”



“मग दिलं का नाहीस, अक्का?”

“तुला द्यायचं नव्हतं.”

श्रीविद्या म्हणाली, “स्वल्प थांब, वही घेते.”

“वही नको. ऐक.”

पद्मावती गायली. वरच्या स्वराला आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. ‘भीम म्हणे’ आलं आणि कडवं संपलं.

“अण्णांचं आहे हे?” श्रीविद्याने विचारलं. मग तिने एकदाच ऐकलेलं ते कडवं पहिल्यापासून म्हटलं.

“नावावर हरकती-मुरक्या घेऊ नकोस,” पद्मावतीने तिला अडवलं. “अण्णा तिथे साधं म्हणायचे. नाव लवकर म्हणून पुढे जायचे.”

“असं?” श्रीविद्याने पुन्हा म्हटलं. साधं, लवकर.

आता चूक काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. पद्मावतीला ते इतकी वर्षं म्हणूनही असं म्हणता आलं नव्हतं.

“सरी, बरोबर,” ती म्हणाली. “असंच म्हण.”

“पुढच्या कार्यक्रमात तुझं नाव सांगते, अक्का. तुझ्याकडून मिळालं म्हणून.”

“माझं नको. अण्णांचं सांग,” पद्मावती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संहिताने जेवायला हाक मारली. “तू बस, मी आलेच,” पद्मावती म्हणाली. उठून ती न्हाणीघरात गेली, रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला आणि बादली भरून वाहू लागली तरी तो बंद करायचं तिला सुचलं नाही.