पेट्याचा मान

राज्यं बुडाली ती सोन्यापायी आणि जमिनीपायी, असं इतिहास सांगतो. इतिहासाने पेटा खाल्लेला नाही. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी गोळी. एका कोंबडीत एकच, आणि घरात खाणारे नऊ.

त्र्याण्णव साली खंडेरावांनी थोरल्या बहिणीला आणि दाजींना येवल्याहून जेवायला बोलावलं. कोंबडा कापला. पेटा अर्थातच दाजींचा, पाहुण्याचा मान. खंडेराव मीठ बघायला म्हणून चुलीशी गेले आणि मीठ बघताना पेटा संपला. दाजी हसले. ठमाआक्का हसली नाही.

"माझ्या नवऱ्याचा घास खाल्लास खंड्या. परत तुझ्या दारात पाय नाय ठेवणार."

खंडेरावही पाटलाच्या तोऱ्यात "नको ठेवू" म्हणाले. तेव्हापासून घरात आक्काचं नाव काढायची बंदी झाली. सत्त्याण्णवात दाजी गेले. खंडेराव मातीला गेले, पुरुषांत उभे राहिले आणि कुणाशी न बोलता परतले.

आणि आता, दोन हजार चारात, भाच्याचा फोन आला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला आहे, दोन दिवस तुमच्याकडे उतरेल म्हणते.

खंडेरावांनी बायकोला, सिंधुबाईंना, स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. नाशकात त्यांच्या इंदिरानगरात आता पेटे किलोवर मिळत होते. त्यांनी अर्धा किलो आणले, आतलं पिवळं कातडं उरलंय का ते एकेक करून पाहिलं, मीठ-हळद चोळून कुकरला लावले, मग लोखंडी कढईत कांदा, लसूण आणि काळ्या मसाल्यावर परतायला घेतले.

"एवढे कोण खाणार?" सिंधुबाई दारातून म्हणाल्या.

"आक्का. सगळे तिचे. मी मीठसुद्धा बघणार नाय. तू बघ."

रिक्षा थांबली. आक्का भिंत धरत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पदर सरकला. गळ्यात तुळशीची माळ होती.

खंडेरावांचा कालथा थांबला. "आक्का, माळ कधी घातलीस?"

"तुझ्याकडून गेले त्याच्या पुढच्या एकादशीला. म्हटलं, ज्या घासापायी भाऊ तुटला तो घासच नको."

"मला कुणी सांगितलं नाय."

"तू विचारलंस कुणाला?"

कढईत पेटे तडतडत राहिले. सिंधुबाईंनी गॅस बारीक केला.

"दाजींनी तरी सांगायचं," खंडेराव पुटपुटले.

"ते दोनदा निघाले व्हते तुला भेटायला. दोन्ही वेळा मीच पायातल्या चपला काढायला लावल्या." आक्का खाली बसली. "आणि तुला सांगते, त्यांना पेटा आवडतच नव्हता. दातात अडकायचा म्हणायचे. त्या दिवशी तुलाच देणार व्हते. परत जाताना बसमध्ये सांगितलं मला."

"मग तेव्हाच..."

"तेव्हा मी रागात व्हते. मग ते गेले. मग कुठल्या तोंडानं सांगणार?"

खंडेराव कालथा हातात धरून तिच्याशेजारी जमिनीवर बसले. पासष्टीचा माणूस, पण खांदे पोरासारखे हलायला लागले. आक्काने चाचपत त्यांची पाठ शोधली आणि हात तिथेच ठेवला.

"खंड्या."

"हं."

"तेवढी खिडकी उघड. वास लय येतोय."