कॉलरवरची खूण

त्या घराची सकाळ नानांच्या फोननेच व्हायची. नाना म्हणजे सासरे. निवृत्त झाल्यापासून अख्ख्या जगाची काळजी त्यांनी एकट्याने अंगावर घेतलेली. चष्मा नाकावर सरकवून ते काहीतरी वाचायचे, लिहायचे आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचे. मग मुलगे, सुना, सासरी गेलेली लेक, सगळ्यांनी ते आपापल्या ओळखीत पुढे पाठवायचं, असा रिवाजच पडला होता. जो पाठवणार नाही, त्याला जेवताना टोमणा ठरलेला, "आमचं कोण ऐकतंय आता!"

धाकटी सून वर्तमानपत्रात होती. खऱ्याखोट्याची पडताळणी करायची, हेच तिचं काम. जगाच्या अफवा निवडायच्या आणि घरच्या मुकाट गिळायच्या. नानांचे मजकूर ती उघडतच नसे.

त्या दिवशी ऑफिसात तिच्यापुढे एक फोटो आला. लहान मुलाच्या शर्टाची कॉलर, आतून काळ्या शाईचं वर्तुळ, त्यावर दोन रेघा. खाली मजकूर: ‘सावधान! मुलं पळवणारी टोळी आली आहे. कोणतं मूल उचलायचं त्याची खूण कपड्यांवर करून ठेवतात. प्रत्येक आईबापाला पाठवा.’

तिने उलट्या पावली शोध सुरू केला. ज्याच्याकडून आलं त्याला फोन, "तुम्हाला कुणी पाठवलं?" कुणी सांगितलं, कुणी खेकसलं, "तुम्हाला काय करायचंय? मूल आमचं आहे!" या दारातून त्या दारात, या गल्लीतून त्या गल्लीत, वाट मागे मागे सरकत आली आणि थेट तिच्या नणंदेपाशी थांबली.

"मला कोण पाठवणार?" नणंद म्हणाली. "आपले नानाच की!"

तिने फोटो मोठा केला. शर्टाखालचा टेबलक्लॉथ घरचा. शर्ट तिच्याच लेकाचा. आणि खूण लाँड्रीवालीची! घराघरांतले कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची वेगळी खूण ती कॉलरीत करायची. घरातल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं. नानांनी मात्र आयुष्यात कधी कपड्यांचं गाठोडं उघडलं नव्हतं.

लाँड्रीत फोन कुणी उचलेना. ती धावतच गेली. धुतलेल्या चादरी रस्त्यावर पडल्या होत्या, त्यांच्यावर बुटांचे ठसे. लाँड्रीवालीचा नवरा पायरीवर बसला होता.

"सांगत होती हो ती," तो म्हणाला. "ही अमक्यांची खूण, ही तमक्यांची. ऐकायला कान हवेत ना! कॉलरीत खूण करताना बघितलं आणि ‘कुणासाठी खुणा करतेस बोल,’ म्हणत माणसं अंगावर आली. हातातली इस्त्री हिसकावली. तापलेली होती. तिच्याच उजव्या हातावर दाबली. इस्पितळात नेलंय तिला."

घरी आली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"मी नातवाची काळजी केली," नाना गरजले. "काळजी करणं गुन्हा झाला का?"

"एकदा नुसतं विचारायचंत, नाना. मला, आईंना, वहिनींना."

"मी विचारायचं? या घरात? बायकांना?"

मोठी जाऊ ताटाकडे बघत पुटपुटली, "मला माहीत होतं, लाँड्रीची खूण आहे ते."

"मग बोलला का नाहीत, वहिनी?"

"नानांना खोटं पाडायचं? तू पाड. तू शिकलेली."

"आणि तरी तुम्ही पुढे पाठवलंत?"

"सगळ्यांनीच पाठवलं."

नवऱ्याने तिला खोलीत ओढलं. "हे बघ, खोटं आहे एवढं छाप. कुठून निघालं ते कशाला? ‘उगम कळला नाही’ लिही. कोण विचारणार आहे?"

"लाँड्रीवालीने विचारलं तर?"

"नानांचं नाक कापून तुला काय मिळणार?"

"त्यांचं नाक शाबूत आहे," ती म्हणाली. "तिचा हात जळलाय."

बातमी छापून आली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, हा फोटो पडताळणी करणारीच्याच घरातून निघाला. नानांनी तिच्या हातचं पाणीसुद्धा वर्ज्य केलं. सासूबाई भांडी आपटू लागल्या. तिला वाटलं, होऊ दे, जे करायचं ते केलं.

अंक घेऊन ती इस्पितळात गेली. लाँड्रीवालीचा हात कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळलेला. तिने अंकाकडे पाहिलंही नाही.

"छापलंत, बरं केलंत," ती म्हणाली. "मला मारायला आले ते काय पेपर वाचून आले होते? आज सकाळी याच वॉर्डातली एक बाई मला बघून लेकराला पदराआड घेत होती."

"मी काय करू, सांगा."

"मी सांगू? हात माझा गेला, अक्कलही मीच द्यायची?" ती भिंतीकडे वळली. "जा बाई. मला तुमच्या घरातलं कुणी समोर नको."

ती बाहेर आली. अंक तिथल्याच बाकावर राहिला. आता तिला कळलं, खोटं ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने खऱ्याने चालत जावं लागतं, आणि त्याला पाय कुणाचे तरी लागतात. नाना जाणार नव्हते. नवरा जाणार नव्हता. ज्यांना फोन केले होते ती सगळी माणसं तिला आठवत होती, खेकसणारीसुद्धा.

पहिलं दार उघडलं. तिने त्या फोनची ओळख सांगितली. आतला माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पुन्हा तुम्हीच? आता काय?"

"आमच्या घरातून तुमच्याकडे एक खोटं आलं होतं," ती म्हणाली. "ते परत न्यायला आलेय. आणि तुम्ही कुणाकुणाला दिलंत ते सांगा. तिथे आपण दोघं मिळून जाऊ."