आईच्या चालीनं

पर्यटन कार्यालयाचं पान मी सांभाळते, म्हणजे आमच्या डोंगरातला धबधबा जगाच्या गळ्यात मारते. ड्रोननं वरून घेतलेला व्हिडिओ, खाली ओळ: 'रस्त्यापासून फक्त दहा मिनिटं.' तीन दिवसांत दीड लाख लोकांनी पाहिला. साहेब खूश, मी हवेत. आणि त्याच व्हिडिओखाली, सगळ्यांच्या देखत, एका गृहस्थांनी लिहिलं, 'दहा मिनिटं चुकीचं आहे. तरुणांना बावीस. गुडघे दुखत असल्यास बावन्न.'

हे गृहस्थ म्हणजे माझे बाबा. जमीनमोजणीच्या खात्यात हयात गेली. निवृत्त झाले तरी डोक्यातली टेप काही गुंडाळली नाही.

साहेबांनी बोलावून विचारलं, "हा कोण शहाणा?"

"शोधते," मी म्हटलं, मान खाली घालून.

संध्याकाळी घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी तोंड सोडलं. "बाबा, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय. कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"विचारलं ना," म्हणत त्यांनी फोन पुढे केला.

खरंच विचारलं होतं. कुणा मुलीनं लिहिलं होतं, 'आईला आणायचंय, तिला जमेल का?' खाली बाबांचं लांबलचक उत्तर. बसायची पहिली जागा सातव्या मिनिटाला, सपाट दगड, सकाळी सावली. दुसरी सोळाव्या मिनिटाला; उठताना उजवीकडच्या झाडाला धरावं, डाव्या गुडघ्यावर भार देऊ नये. अशा सहा जागा.

माझा पारा उतरला. तो डावा गुडघा माझ्या ओळखीचा होता.

पाच वर्षांपूर्वी आई आमच्याबरोबर धबधब्याला निघाली होती. "किती राहिलं?" असं तिनं विचारलं की मी म्हणायचे, "आलंच." दहाबारा वेळा म्हटलं असेन. शेवटी एका वळणावर ती डावा गुडघा धरून बसली आणि तशीच मागे फिरली. तेव्हापासून धबधब्याचं नाव काढलं की "फोटोत पाहिलाय मी" म्हणते आणि विषय बदलते. तिला पाण्याचं केवढं वेड आहे हे मला माहीत आहे. अनोळखी दीड लाखांना मी धबधबा दाखवला, आणि माझ्या आईला मीच अर्ध्या वाटेवरून परत आणलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता, ते हेच?"

"तिच्या चालीनं चढून बघतो," बाबा म्हणाले. "स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत तिला किती लागतं, ते धरून."

"मग तिला सांगितलं का नाहीत?"

"आधी मोजणी पुरी होऊ दे म्हटलं. पुन्हा फसवायचं नव्हतं तिला."

मी त्याच क्षणी 'दहा मिनिटं' खोडली आणि बाबांचं उत्तर जसंच्या तसं व्हिडिओखाली लावलं. साहेबांचं काय ते उद्या बघू म्हटलं.

रविवारी आईला घेऊन निघालो. कुरकुरतच आली. चार जागा नीट पार पडल्या. पाचव्या जागी बसली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता, आणि ती चप्पल घालायला वाकेना.

"किती राहिलं?" तिनं विचारलं.

माझ्या जिभेवर 'आलंच' येऊन थांबलं.

"चौदा मिनिटं," बाबा म्हणाले. "मध्ये बसायला एक जागा आहे. चढ एकच, पण आहे."

"चौदा?"

"चौदा."

आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, चप्पल चढवली आणि माझा हात धरून उठली.

धबधब्यापाशी तिचा चष्मा भिजला, तो तिनं पुसलाही नाही. काठावरच्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मला रडू येत होतं, मी ते येऊ दिलं.

"अहो," मग ती म्हणाली, "उतरायला किती लागेल?"

बाबांनी वही काढली, दोन पानं उलटली, मिटली. "ते मोजलंच नाही," ओशाळून म्हणाले. "तुला इथवर आणायचं, एवढंच डोक्यात होतं."

आई दगडावर थोडी सरकली.

"मग बसा की," ती म्हणाली.