रुक्मिणीबाईंचं नाव काढायचा खर्च

चार वर्षांपूर्वी नारायणगावात घर घेतलं, तेव्हा रुक्मिणीबाईंना ते आवडलं का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की आधार कार्ड कुठं ठेवलंय. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, असं दस्त लिहिणाऱ्या संपतनं सांगितलं होतं. म्हणजे पंचेचाळीस लाखांवर पंचेचाळीस हजार. माणिकचंदांनी उभा जन्म बाजारपेठेत कापड मोजून विकलेलं. चार बोटं जास्त कापलं गेलं तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं नाही. पंचेचाळीस हजार वाचतायत म्हटल्यावर बायको त्यांना एकदम मालकीण दिसायला लागली. त्याच घरासाठी तिच्या माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या, तेव्हा मात्र दिसली नव्हती.

मालकिणीला झोपायला मिळाली स्वयंपाकघरामागची खोली. वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली जिनेशनं, म्हणजे मुलानं, ऑफिस म्हणून घेतली. ऑफिसात एक टेबल, एक फिरती खुर्ची आणि व्यायामाचं एक यंत्र. यंत्रावर टॉवेल वाळत.

एका रविवारी संपत पुन्हा आला. पिंपरी पेंढारचा माणूस, बोलायला मोकळाढाकळा. जिनेशनं त्याच्यासाठी बासुंदी मागवली, तेव्हाच रुक्मिणीबाईंच्या लक्षात आलं, की आज काहीतरी कापलं जाणार आहे.

"मम्मी, एक छोटी सही पाहिजे," जिनेश म्हणाला. "घर माझ्या नावावर करून टाकू. बँकेला बरं पडतं."

"किती छोटी?"

"आईनं पोराला बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक नावालाच लागतो, काकू," संपत म्हणाला. "वर एक टक्का अधिभार, नोंदणी, आमची लिखाई. पंचावन्न हजारात काम व्हतंय."

"आणि नाहीच केलं तर?"

संपतनं जिनेशकडं पाहिलं. जिनेशनं बासुंदीकडं पाहिलं.

"मंग काय, तुमच्या माघारी वारस लागत्यात," संपत चाचरत म्हणाला. "शेठ, जिनेशभाऊ आन सिद्धीताई. तिघं सारखे. ताईंनी हक्कसोड दिली तर त्यो कागद लई स्वस्त. पाचशेचा मुद्रांक. पण ताईंनी सही करायला पायजे ना."

रुक्मिणीबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्या मेल्यावर काय भाव लागतो आणि जिवंतपणी काय, हे त्यांच्याच घरात बासुंदी खाऊन त्यांनाच सांगितलं जात होतं. पण त्याहून मजेची गोष्ट पुढची. सिद्धी त्यांची थोरली. नवऱ्यानं सोडल्यापासून मंचरला भाड्याच्या खोलीत राहून ब्लाउज शिवायची. तिला फोन करून 'ताई, सही देशील का?' एवढं विचारायला काही लागत नव्हतं. ते विचारायला नको म्हणून हा पंचावन्न हजार घालायला निघाला होता. रुपयासाठी भाजीवाल्या बाईशी हुज्जत घालणारा जिनेश!

"यांना कबूल आहे?" त्यांनी नवऱ्याकडं बघून विचारलं.

माणिकचंद म्हणाले, "मी यात पडत नाही." ते कशातच पडत नसत. सिद्धी पोरीला घेऊन दारात उभी राहिली होती, तेव्हाही ते पडले नव्हते.

"कर तारीख नक्की," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

जिनेश इतका खूश झाला, की आईला त्यानं गाडीत पुढं बसवलं. निबंधक कार्यालयात गर्दी होती. खोडदचे कुणी शेतकरी भाऊ-भाऊ वाटणीसाठी आले होते आणि एकमेकांकडं पाठ करून बसले होते. रुक्मिणीबाईंनी चष्मा लावला, संपतकडून दस्त मागून घेतला आणि बाकावर बसून पहिल्यापासून वाचला. 'मुलावरील नैसर्गिक प्रेम व मायेपोटी' इथं आल्यावर त्यांना हसू आलं.

"संपत, एक सांग. हेच मुलीला द्यायचं म्हटलं तर खर्च जास्त येतो?"

"न्हाई काकू. पोरगा काय, पोरगी काय, सरकारला सारखंच."

"बघ. सरकारला कळतं."

नंबर आला. रुक्मिणीबाईंना कॅमेऱ्यासमोर बसवलं. साहेबांनी सवयीनं विचारलं, "आजी, दस्त वाचलात ना? राजीखुशीनं देताय?"

"वाचला. राजीखुशीनं नाही."

साहेबांचा हात थांबला. "म्हणजे? कुणी जबरदस्ती करतंय का?"

"छे हो. जबरदस्ती करायला आधी विचारावं तरी लागतं. मला द्यायचं नाही, एवढंच."

"मग दस्त होणार नाही," म्हणून साहेबांनी कागद परत सरकवले आणि पुढचा नंबर पुकारला. मागं रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. जिनेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बाहेर आल्यावर त्याचा पहिला शब्द काय असावा? आईचं काही चुकलं, दुखलं, असं काही नाही. "भरलेल्या चलनाचं काय?" असं त्यानं संपतला विचारलं.

"परतावा मिळंल, थोडं कापून. पण हेलपाटे मारायला लागत्याल."

"मार की," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "गाडी आहे तुझ्याकडं."

त्या गाडीत बसल्या नाहीत. एसटीनं मंचरला गेल्या. सिद्धी मशीनवर वाकलेली होती. सगळं ऐकून ती आधी हसली, मग तिनं हळूच विचारलं, "मग आता माझ्या नावावर करणार का गं?"

रुक्मिणीबाईंचा चेहरा कडू झाला. क्षणभर त्यांना वाटलं, आले तशी उठून जावं. मग त्यांची नजर सिद्धीच्या बोटांवर गेली. सुया टोचून टोचून टोकं खरखरीत झालेली. हिनं निदान तोंडावर तरी विचारलं.

"कुणाच्याच नाही. मी आहे अजून. सामान बांध. वरच्या खोलीत हवा चांगली आहे."

"जिनेश राहू देईल?"

"कुणाला घरी राहायला बोलवायला मुद्रांक लागत नाही."

जिनेशनं पुण्याच्या वकिलाकडं जाऊन सल्ल्याचे पैसे मोजले. वकील म्हणाला, 'घराचे पैसे माझे होते' म्हणून वडिलांनी आईवर दावा लावला, तरच काही बघता येईल. वर्षं जातील आणि खर्चही बराच येईल. हे ऐकल्यावर मात्र माणिकचंद पहिल्यांदा पडले.

"बायकोवर दावा? आणि त्याची फी मी भरू?" ते गरजले. "वेड लागलंय का तुला?"

बायकोचा मान म्हणून नव्हे, फीच्या धास्तीनं ते गरजले, हे स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या रुक्मिणीबाईंना कळलं. त्यांना वाईटही वाटलं नाही. सत्तेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस. त्याच्याकडून दुसऱ्या कशाची अपेक्षा धरली असती, तर दोष त्यांचाच होता.

पुढच्या सोमवारी व्यायामाचं यंत्र खाली व्हरांड्यात आलं. ते उतरवताना जिनेशच्या कमरेत उसण भरली. वर शिलाई मशीन लागलं. सिद्धीच्या पोरीनं खिडकीत दप्तर अडकवलं. आणि रुक्मिणीबाईंनी आपली गादीही तिथंच, वाऱ्याच्या बाजूला टाकून घेतली.