वॉल्व्ह कोणी दुरुस्त केला

मुंबईतल्या मोठ्या हापिसांत असतो तसला टाकीशिवायचा फ्लश आमच्या खर्डीकडच्या सरकारी बंगल्यात बसवला, तो १९५८ साली. धरणाची पाहणी करायला परदेशी साहेब येणार होते, त्यांच्यासाठी. भिंतीतून पाइप बाहेर आलेला, त्यावर नारळाएवढा पितळी वॉल्व्ह आणि वॉल्व्हला बाजूने एक दांडा. दांडा दाबला की पाणी धो धो सुटायचं आणि थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायचं. परदेशी साहेब चार दिवस राहून गेले, संडास आमच्या गळ्यात राहिला.

मी तेव्हा तिथे रोजंदारीवर फिटर होतो. पंप सांगा, नळ सांगा, डिझेल इंजिन सांगा, हात काळे करायला मी कधी कुरकुरलो नाही. संडास म्हटलं की मात्र पाय मागे यायचा. मुरबाडकडच्या आमच्या गावात सगळे रानात जात. जिथे जेवायचं त्याच छपराखाली तेही उरकायचं, ही साहेबी अक्कल आमच्या पचनी पडत नव्हती. आणि संडासाला हात लावलेल्या माणसाला माझी आई धोंडीबाई ओटीवरसुद्धा टेकू देत नसे, मग तो पोटचा पोर का असेना.

पुढच्या वर्षी एप्रिलात तो वॉल्व्ह बंद व्हायचं विसरला. रात्रंदिवस पाणी वाहायला लागलं. टेकडावरची टाकी सकाळी भरावी तर दुपारी कोरडी, आणि पाइपावरचा कॉक बंद ठेवावा तर फ्लशच बंद. विहिरीने तळ गाठलेला, आणि सोमवारी मोठे इंजिनिअर साहेब मुक्कामाला येणार.

ओव्हरसियरने मला बोलावून सांगितलं, "अनंता, सोमवारच्या आत हे थांबव. तुला कायम करायचं मी साहेबांच्या कानावर घालतो. नाही जमलं तर हे उपटून टाकू आणि मागचा जुना पाटीचा संडासच चालू ठेवू."

म्हणजे माझी कायमची नोकरी त्या संडासात अडकली होती. मी पाना आणि पक्कड घेऊन निघालो, आणि मागच्या दाराशी जाऊन थांबलो.

असल्या बंगल्यांत संडासाला दोन दारं असत. एक साहेबाच्या खोलीतून, दुसरं मागून, सफाईवालीसाठी. सफाईवाली होती हिराबाई. गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. तिशीची असेल, कमी बोलायची. जुन्या संडासाची पाटी डोक्यावरून नेऊन ओढ्यापलीकडे टाकायची आणि नवा धुवायची. आत जे काही असेल ते तिचं काम, बाहेरचं माझं, असं कोणी न ठरवता ठरलेलं होतं.

मी म्हटलं, "हिराबाय, तू आत जा. मी हितनं सांगतो तसं कर."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. मी पाना तिच्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. तिने तो उचलला. काम झाल्यावर तिने तो उंबऱ्यावर ठेवायचा, मी वरून पाणी ओतून घ्यायचा. आज लिहितानाही हात थांबतो, पण तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण तिला फिटरचं काम करू देतोय म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

तिने पाइपावरचा कॉक बंद केला. पाणी थांबलं. मग वॉल्व्हचं झाकण फिरवून काढलं. मी बाहेरून "जोर लाव, आता सैल सोड" असं ओरडत होतो. ती माझं ऐकत होती की नाही, कोण जाणे. तिचे हात माझ्या बोलण्याच्या आधीच पुढे जात होते. आतून तिने रबराची एक जाड चकती काढली आणि उजेडात धरली. चकतीला कडेशी एक बारीक भोक होतं, सुईचं टोक जाईल एवढं, आणि त्यात रेतीचा कण अडकला होता.

मी तार पुढे सरकवली. "खुपस तार नि कर मोकळं."

"तार नको मिस्त्री," ती म्हणाली. "भोक मोठं झालं तर पानी लगेच बंद व्हईल, घान पुरती जायची नाय."

"तुला गो काय ठाव?"

"ह्यो बसवला तवा दोन दिस मी हितंच झाडत व्हते. बसवनारा बोलत व्हता, मी बघत व्हते." तिने चकती झाकणाला लावून दाखवली. "ह्या भोकातनं पानी वर चढतं. वर साठलं का चकतीला खाली दाबतं, मंग बंद. भोक बुजलं तर वर पानीच नाय. मंग दाबनार कोन?"

मी तार मागे घेतली. दोन वर्षं फिटरकी करून मला ते यंत्र समजलं नव्हतं, आणि खराटा हातात घेऊन हिने ते समजून ठेवलं होतं. तिने खराट्याची एक काडी फरशीवर घासून बारीक केली, चकती बादलीत बुडवली आणि हलक्या हाताने तो कण काढला. झाकण बसवलं, कॉक उघडला, दांडा दाबला. पाणी धो धो आलं आणि थांबलं. एक थेंब मागे नाही.

मग ती उंबऱ्याशी आली.

"मिस्त्री, येक बोलू? ह्यो चालू झाला म्हंजे जुना बंद करतील. मंग माजं काम ग्येलं. नि ह्यो बंद ऱ्हायला असता तर माजी पाटी सुटली नसती. पन साहेबाला कळलं का ह्यो वॉल्व्ह मला येतो, तर मला ह्याच्यावर ठेवतील. डोक्यावरची पाटी उतरंल आनि प्वाट बी ऱ्हाईल. तुमी सांगाल? ह्यो हिरानं केला म्हनून?"

"सांगतो गो. त्यात काय," मी म्हणालो. खरंच सांगणार होतो.

सोमवारी साहेब आले. आंघोळ करून व्हरांड्यात येऊन बसले आणि खुशीत विचारलं, "फ्लश झकास चाललाय. कोणी दुरुस्त केला?"

ओव्हरसियरने माझ्याकडे पाहिलं. हिराबाई अंगणाच्या कडेला खराटा घेऊन उभी होती, झाडायचं थांबवून. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण तिचं नाव घेतलं तर साहेब पुढे विचारणार, मग फिटर काय करत होता? फिटर दारात उभा होता. हे कसं सांगायचं?

"मी, साहेब," मी म्हणालो.

"शाबास."

अंगणातला खराटा पुन्हा चालू झाला. संध्याकाळी मी पंपाला तेल घालत होतो तेव्हा ती जाता जाता थांबली. "नाय सांगितलंत," एवढंच म्हणाली. मी तेलाच्या बुधलीचं बूच शोधत राहिलो.

महिनाअखेर जुन्या संडासाचं दार विटांनी बंद केलं आणि फ्लशच्या संडासाला वेगळी सफाईवाली नको म्हणून हिराबाईचं नाव हजेरीपटावरून काढलं. त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

पत्र घेऊन मी एसटीने गावी गेलो. पण बातमी माझ्या आधीच पोचली होती, गावचा एक माणूस बंगल्यावर दगड फोडायला होता. आई दारातच आडवी आली.

"संडास दुरुस्त केलास म्हनं? हात लावलास?"

"नाय गो आये. तुझी शप्पथ, मी उंबऱ्याच्या आतसुद्धा गेलो नाय."

"मंग झाला कसा?"

मग मी तिला सगळं खरं सांगितलं. हिराबाई, रबराची चकती, बारीक भोक, खराट्याची काडी, पाणी वर चढून कसं दाबतं ते. काहीही लपवलं नाही. साहेबासमोर जे एक वाक्य निघालं नाही ते आता धडाधड निघत होतं, कारण इथे ते माझ्या फायद्याचं होतं. बोलता बोलता मला हे कळलं, आणि तरी मी थांबलो नाही.

आई दारातून बाजूला झाली. मला आत घेतलं, भाकरी वाढली आणि समोर बसून पुन्हा ती चकतीची गोष्ट विचारून घेतली. तिला ती फार आवडली.

"श्यानी हाय बाई," ती म्हणाली. "तुजी नोकरी तिनंच लावली म्हनायची. तिला पन साहेबानं चांगल्या कामावर घेतली आसंल, नाय रे?"

माझ्या तोंडात घास होता.

"हो," मी म्हणालो.