पेरलेली बातमी

कुस्तीतलं काही कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. मातीतली कुस्ती नव्हे, ती वेगळी. मी म्हणतोय ती रिंगमधली, झगमगीत कपड्यांची, आधीच निकाल ठरलेली. "सगळं ठरलेलंच असतं ना?" असं लोक मोठा शोध लागल्यासारखं विचारतात. हो बाबा, ठरलेलं असतं. नाटकाचा शेवटही नटांना पाठ असतो, म्हणून तू मध्येच उठून जातोस का?

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायच्या आणि उरलेल्या वेळात कुस्तीच्या बातम्या चाळायच्या, हे माझं वीस वर्षं चाललंय. कोण खरंच जायबंदी आहे आणि कोण सोंग करतोय, कोण कंपनी सोडणार आणि कुणाची नुसती हूल आहे, हे मी बसल्या जागी सांगतो. घरात मला 'पंडित' म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण विचारायलाही माझ्याकडेच येतात.

गुरुवारी ताई आली ती थेट दुकानातच. तिचा नवरा, म्हणजे माझे दाजी, रिंगमध्ये 'पोलाद' म्हणून उतरतात. नाव पोलाद, पण पंधरा वर्षांत एकही मोठी लढत जिंकलेले नाहीत. हरणं हाच त्यांचा धंदा. कंपनीला एखादा नवा गडी मोठा करायचा असला की दाजींना त्याच्यापुढे घालायचं. दाजी असे सुंदर हरतात की समोरचा आपोआप शूर दिसतो. या रविवारी मात्र कंपनीला त्यांची दया आली होती. 'राजबिंडा' नावाच्या चँपियनकडून त्यांनी विजेतेपदाचा बेल्ट जिंकायचा, असं ठरलं होतं. पहिल्यांदा आणि, वय बघता, बहुधा शेवटचंच.

ताईने फोन माझ्या नाकासमोर धरला. एका पानावर बातमी होती: पोलादची मान निकामी, आणखी एक घाव बसला तर हात कायमचे जातील, तरीही पठ्ठ्या रविवारी अखेरची झुंज देणारच. ताई म्हणाली, दोन आठवडे झाले, त्यांच्या डाव्या हातातून वस्तू निसटतात. शर्टाची बटणं लावताना आतून कडी घालून बसतात. विचारलं तर हसतात आणि म्हणतात, अगं, जखमी माणूस बेल्ट जिंकतो अशी गोष्ट रचली आहे, घरातही सवय ठेवावी लागते, विश्वास नसेल तर तुझ्या पंडिताला विचार.

"तू सांग," ती म्हणाली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. खरं असेल तर मी त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही. बेल्ट गेला खड्ड्यात."

मी बातमी वाचली आणि मला हसू आलं. शोच्या बरोबर तीन दिवस आधी फुटलेली बातमी! खऱ्या दुखापतीची बातमी कशी असते, तर रुक्ष. अमुक मणका, तमुक आठवडे विश्रांती, संपलं. इथे 'अखेरची झुंज' काय, 'पठ्ठ्या' काय, जाहिरातच होती ती. मी ताईला सगळं उलगडून सांगितलं. ही पेरलेली बातमी आहे, तिकिटं खपवायला. ती दोनदा म्हणाली, नक्की ना? मी म्हणालो, माझ्यावर सोड. ती गेली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता, आणि मी काय केलं, तर माझा निष्कर्ष चाहत्यांच्या ग्रुपवर टाकून शाबासक्या गोळा करत बसलो.

रविवारी दुपारी हॉल खच्चून भरला होता. आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. कंपनीचा नियमच आहे, घरच्यांनी यायचं पण ओळख दाखवायची नाही. म्हणून ताई अनोळखी बाईसारखी पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि मी इतरांबरोबर ओरडत होतो.

सुरुवात झकास झाली. राजबिंडा आरशात बघून केस सारखे करत आला, लोकांनी त्याला शिव्या घातल्या, दाजींनी पहिल्या पाच मिनिटांत त्याला तीनदा आपटलं. मी ताईला कोपराने ढोसलं आणि म्हणालो, बघ, हा मान निकामी झालेला माणूस! ती हसली. मग राजबिंड्याने त्यांना उचलून पाठीवर टाकलं. रोजचाच डाव. पण दाजी जरा तिरके पडले, डोकं आधी टेकलं, आणि उठताना त्यांनी फक्त उजवा हात टेकवला.

रेफरी वाकला आणि त्याने दाजींचा डावा हात धरला. लोकांना वाटतं, गडी शुद्धीवर आहे का ते बघतोय. मुळात ती खूण असते. पडलेल्या गड्याने बोटं दोनदा दाबली की समजायचं, ठीक आहे, चालू दे. मी दुसऱ्या रांगेत, नजर चांगली, उजेड भरपूर. ती बोटं हललीच नाहीत. दाजींनी कोपराने रेफरीला दूर ढकललं आणि काहीतरी पुटपुटले. रेफरी गोंधळला. अशा वेळी त्याने दोन्ही हातांची फुली करून डॉक्टरला बोलवायचं असतं. त्याने हात अर्धे वर नेले आणि खाली घेतले.

मी खुर्चीतून अर्धवट उठलो. पण वीस वर्षांची खोड अशी एका क्षणात जात नाही. मी स्वतःला समजावलं, फुलीची खूणही हल्ली खोटी करतात, तुझ्यासारख्या शहाण्यांना गंडवायलाच करतात, गप बस. मागे एकजण म्हणाला, काय अभिनय आहे! आणि मी मान डोलावली. खरंच डोलावली. ताई माझ्याकडे बघत होती. माझा चेहरा शांत आहे तोवर काळजी नाही, असा तिचा हिशेब.

मग दाजी पालथे वळले आणि त्यांनी डावा हात पोटाखाली घेतला. कॅमेऱ्याच्या बाजूला पाठ केली.

तिथे मला कळलं. खोटं दुखणं लोकांना दाखवायचं असतं. हात दुखण्याचं सोंग असेल तर तो झटकायचा, वर धरायचा, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही दिसला पाहिजे. त्यासाठीच तर ते असतं! आणि इथे हा माणूस हात लपवत होता. गेले दोन आठवडे लपवत होता, कडी लावून बटणं लावत होता, आणि मी अक्कल गहाण टाकून त्याच्या बायकोला सांगितलं होतं, माझ्यावर सोड.

राजबिंडा कोपऱ्यातल्या दोऱ्यांवर चढायला लागला. पुढचा डाव मला पाठ होता. तो सगळ्यात वरून उडी घेणार, खालचा गडी उताणा. बघणाऱ्याला वाटतं, वरचा खालच्याला चिरडतो. असतं उलटं. खालचाच दोन्ही हातांनी वरच्याला झेलतो, वजन बाजूला उतरवतो, म्हणून दोघं घरी जातात. दाजी उताणे झाले. उजवा हात वर आला. डावा तसाच पडून राहिला.

मला कठड्यावरून उडी मारल्याचं आठवत नाही. ताई मागून ओरडत होती, एवढं आठवतं. "उडी मारू नकोस, त्यांचा हात गेलाय!" असं मी बोंबललो. राजबिंड्याने ढुंकूनही पाहिलं नाही. वेडे चाहते काय, रोजचेच. एका रखवालदाराने माझी कॉलर धरली, ती फाटली. मी दोरीखालून आत घुसलो, त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसलो आणि सगळ्या हॉलसमोर म्हणालो, "दाजी, पुरे झालं."

राजबिंड्याने ते ऐकलं. चाहता 'पोलाद' म्हणतो, दाजी म्हणत नाही. तो वर तसाच डुगडुगत उभा राहिला, मग एकेक दोरी धरून खाली उतरला. रेफरीने आता मात्र फुली केली. हॉल दणाणून गेला होता. लोकांना वाटलं, हेही ठरलेलंच आहे, आणि कुणीतरी माझ्या नावाने शिट्टी मारली.

आतल्या खोलीत दाजी टेबलावर आडवे होते, मानेला पट्टा. डॉक्टर म्हणाला, फोटो काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही, आणि गाडीसाठी फोन करायला बाहेर गेला. ताई भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"तुझ्या शब्दावर मी त्यांना सोडलं," ती मला म्हणाली.

लाजेने जीव नकोसा झाला होता.

"त्याला बोलू नकोस," दाजी छताकडे बघत म्हणाले. "ती बातमी मीच दिली होती. खरी होती ती, सगळी. तू कधी ना कधी त्याला विचारणारच, हे मला माहीत होतं. मग म्हटलं, त्याला खोटी वाटेल अशीच लिहून द्यावी. पठ्ठ्या, झुंज, सगळं माझंच. दोन संध्याकाळी बसलो होतो त्यावर."

मला भयंकर संताप आला. आडव्या माणसाची कॉलर धरता येत नाही म्हणून, नाहीतर धरलीच असती. पंधरा वर्षं हा माणूस सगळ्यांकडून हरला आणि एकदा जिंकायचं म्हणून त्याने मला हरवलं. माझ्यासारखं गिऱ्हाईक त्याला दुसरं मिळालंच नसतं.

"एकदाच जिंकायचं होतं रे," ते म्हणाले. आवाज फाटला होता. मग त्यांनी ताईकडे डोळे वळवले आणि तेच, घरी आणतात ते हसू तोंडावर आणलं. म्हणाले, "आता बरं वाटतंय. बोटांत जाणीव येतेय. गाडीबिडी नको, दोन दिवस पडून राहिलो की ठणठणीत होईन."

ताईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"खरं बोलतायत?"

दाजींनीही माझ्याकडे पाहिलं. इतकं गयावया करणारं तोंड मी त्यांचं रिंगमध्येसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

ताई दार उघडून डॉक्टरच्या मागे धावली.