माझी ढलपी मैदानावर जाते

मित्रांनो, आत्याच्या कारखान्यात शिरलात की भिंतीला टेकून उभा असलेला एक लांबलचक लाकडी ठोकळा दिसेल. अंगभर सुकलेल्या गोंदाचे डाग आणि एका टोकाला कुणी चावा घेतल्यासारखा, आता बुजवलेला खड्डा. तो मी! मी एक जुना साचा आहे. पण साधासुधा नाही हं, धनुष्याचा साचा. धनुष्याचा डौलदार बाक बघून सगळे वा वा करतात. तो बाक त्याला दिला कुणी? मीच की!

त्याआधी मी जेवणाच्या टेबलाची जाडजूड फळी होतो. लोक माझ्यावर गरम भांडी आदळायचे आणि कोपर टेकून भांडायचे. मग टेबलाचा पाय मोडला आणि मी या कारखान्यात येऊन पडलो. आत्या इथे कपाटं आणि खुर्च्या बनवते. तिचे हात भक्कम आणि आवाज त्याहून भक्कम. तिची भाची एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ! म्हणून आत्याने तिचं नावच ठेवलं होतं, भोवरा.

भोवऱ्याला तिरंदाजीचं वेड होतं. पण ती डावखुरी आणि शाळेतली सगळी धनुष्यं उजव्या हाताची. बाण टेकवायची खाच नेमकी नको त्या बाजूला! उजव्या हाताने खेळायला गेली की तिचे बाण लक्ष्य सोडून कुंपणाची विचारपूस करायला जायचे. खेळाचे सर म्हणाले, "उजव्या हाताने जमव, नाहीतर संघासोबत गुण लिहायला बस." सुट्टीनंतर संघाची निवड होती. भोवरा तरातरा कारखान्यात आली.

"आत्या, मी माझं धनुष्य बनवणार."

"बनव की. पण चांगल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या माझ्याकडे एकाच धनुष्यापुरत्या आहेत. वाया घालवल्यास तर बस गुण लिहीत."

"नाही घालवणार!"

"मग आधी साचा कर. साचा वाकडा तर धनुष्य वाकडं."

आणि भोवऱ्याने मला निवडलं! माझ्यावर खिळे ठोकून तिने एक लवचीक पट्टी त्यांच्यात वाकवली आणि तिच्या कडेने रेघ ओढली. मग करवत चालली, कानस चालली. ती सारखी माझ्यावर गुण्या लावून काटकोन बघायची, कारण माझी पाठ जराशी जरी तिरकी राहिली असती, तरी धनुष्याला पीळ पडला असता. तिची सगळी सुट्टी माझ्या पाठीवर गेली. मी असा गुळगुळीत झालो की माशीसुद्धा घसरली असती! भोवऱ्याने खुशीत माझ्या टोकाशी पेन्सिलीने एक छोटासा भोवरा काढला.

आता पट्ट्या चिकटवायच्या. साच्यावर आधी प्लास्टिकचा कागद घालतात, म्हणजे गोंद साच्याला लागत नाही. भोवऱ्याने तो नीट घातलाही होता. तेवढ्यात तिची मैत्रीण आली.

"हे बघ, माझी सही!" असं म्हणत भोवऱ्याने टोकाचा कागद मागे सारून तिला चित्र दाखवलं. मग दोघी अशा काही हसत सुटल्या की कागद पुन्हा पुढे ओढायचं राहूनच गेलं. मी ओरडून सांगितलं असतं हो, पण लाकडाला कुठलं तोंड? पट्ट्यांना गोंद लागला, त्या एकावर एक माझ्या पाठीवर बसल्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने आम्हाला करकचून बांधलं.

दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडली. धनुष्य सगळीकडून सुटलं, पण एका टोकाला हलेचना! भोवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने वाकून पाहिलं.

"वा गं वा! सही दाखवायची हौस! आता ओढून काढलं तर पट्ट्याच फाटतील. दोघांपैकी एकाला जखम होणार. बोल, कुणाला?"

भोवरा माझ्याकडे बघतच राहिली. सुट्टीभराची मेहनत होती ना! मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "साच्याला. आणि पटाशी मीच चालवणार." ती हळूच मला म्हणाली, "सॉरी हं." मित्रांनो, टेबल असताना मला कधी कुणी सॉरी म्हटलं नव्हतं. मी मनात म्हणालो, चालव बिनधास्त!

पटाशी चालली. माझी एक ढलपी निघाली आणि धनुष्य सुटलं. अगदी अखंड! ढलपी मात्र त्यालाच चिकटून गेली.

मग डाव्या हाताला सोयीची खाच कापून, दोरी चढवून धनुष्य गेलं आणि मी मागे राहिलो. कुणी माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, कुणी मला दाराला अडण म्हणून लावलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण मला ठाऊक होतं, माझा बाक चुकलेला नाही.

एका दुपारी दार धाडकन उघडलं आणि मी आडवा झालो.

"आत्याऽ! मी संघात आहे! डाव्या हाताने! आणि सर म्हणतायत, शाळेत आणखी डावखुरी मुलं आहेत, साचा आहे ना अजून?"

"आत्ताच लाथाडलंस की त्याला!"

भोवऱ्याने मला उचलून पुसलं आणि धनुष्य माझ्या पाठीवर ठेवलं. तंतोतंत बसलं.

"अगं, ही ढलपी घासून टाकायची ना!" आत्या म्हणाली.

"घासली की, पापुद्र्याएवढी उरलीय. तेवढी असू दे. तिच्याखाली माझा भोवरा आहे."

माझा खड्डा आता भरलाय आणि त्यानंतर कितीतरी धनुष्यं माझ्या पाठीवर घडली. तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्यावरचा गोंद खरवडा, त्याला ओलीत ठेवू नका आणि कागद अगदी टोकापर्यंत घाला. काम झालं म्हणून दाराला लावू नका.

माझं म्हणाल, तर मी मजेत आहे. मी इथे भिंतीला टेकलेला दिसतो खरा, पण तिकडे मैदानावर भोवरा डाव्या हाताने दोरी ओढते, तेव्हा धनुष्याबरोबर थोडासा मीही वाकतो.